धंद्यात पडावंसं का वाटतं, आणि वाटूनही पाऊल का उचललं जात नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत माणूस नोकरीला 'लागतो' आणि धंद्यात 'पडतो'. फळ झाडाला लागतं आणि माणूस विहिरीत पडतो, तसंच हे. भोसरीच्या कारखान्यांत बारा वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात काढून मी स्वतःचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांची कामं करून देणं, सुरू केलं, तेव्हा आईने शेजारणीला सांगितलेलं वाक्य अजून कानात आहे : "पोरगा धंद्यात पडला." आवाज असा, की शेजारीण पाणी घेऊन धावली असती.

आता महिन्यातून एक-दोनदा नवीन लोकांच्या प्रशिक्षण वर्गात बोलायला जातो. हिशेब, परवाने, कर्ज यावरचे प्रश्न लोक वर्गात विचारतात. खरे प्रश्न चहाच्या वेळी बाहेर येतात. इथे ते चहाच्या वेळचे प्रश्न घेतले आहेत.

धंदा करायची इच्छा नेमकी कशातून तयार होते?

यावर सर्वांत जास्त वापरली जाणारी मांडणी आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाची आहे. १९९१ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध लेखाचा विषय धंदा नव्हता. माणूस कुठलीही गोष्ट ठरवून करतो तेव्हा आत काय चाललेलं असतं, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या मते मन तीन प्रश्न विचारतं. हे करणं मला चांगलं वाटतं का? माझी माणसं काय म्हणतील? आणि हे मला जमेल का?

खास धंद्याविषयी अल्बर्ट शपेरो आणि लिसा सोकोल यांनी १९८२ सालीच लिहून ठेवलं होतं. हवंसं वाटणं आणि जमेलसं वाटणं या दोन गोष्टी असल्या तरी माणूस चालू रुळावरच चालत राहतो, एखादा धक्का बसेपर्यंत. त्या धक्क्याकडे पुढे येतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. ऑस्ट्रिया आणि फिनलंडमधल्या ९६९ प्रौढांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कुणाची इच्छा तीव्र, कुणाची मंद, या फरकातला सुमारे ५९ टक्के भाग वरच्या तीन प्रश्नांनी उलगडला. पण वर्षभरानंतर कोण खरोखर कामाला लागलं, यातल्या फरकाचा उलगडा जेमतेम ३१ टक्के झाला. इच्छा आणि कृती यांच्या मधली ही दरी माझ्या वर्गात दर वेळी समोर बसलेली असते.

'आपल्या रक्तातच धंदा नाही' हे खरं आहे का?

नाही. रक्तात असतं तर स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात ते दिसलं असतं. २०१५ सालच्या या अभ्यासात आढळलं की आईवडील धंदा करत असतील तर मुलांनी धंदा करण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांनी वाढते. पण दत्तक मुलांच्या बाबतीत जन्मदात्यांचा वाटा किती आणि वाढवणाऱ्यांचा किती, हे वेगळं काढता येतं. तसं काढल्यावर जन्मानंतरच्या गोष्टींचा वाटा जन्माआधीच्या गोष्टींच्या दुप्पट निघाला.

म्हणजे काय, ते आमच्या कोपऱ्यावरच्या कच्छी दुकानात दिसतं. शाळा सुटली की दुकानदाराचा दहा वर्षांचा मुलगा गल्ल्याशेजारी बसतो. गृहपाठ करतो, मध्येच सुटे मोजून देतो. एक गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने निघून गेलं, तरी बाप शांतपणे गोळ्यांची बरणी पुसत राहतो, हे तो बघतो. संध्याकाळी वसुलीला आलेल्या माणसाला "परवा ये" कसं सांगायचं, तेही बघतो. वीस वर्षांचा होईतो त्याने तोटा शेकडो वेळा पाहिलेला असतो आणि त्या तोट्यानंतर घरात जेवण झालेलंही पाहिलेलं असतं. माझ्या घरी वडील एसटीत. दर महिन्याला पगार. धंद्यातला तोटा मी पहिल्यांदा पाहिला तो माझा स्वतःचा, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

आपल्याकडची जुनी म्हण 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' अशी आहे. प्रत्यक्षात क्रम कधीच उलटा झाला. मुंबईतल्या गिरण्या, सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पुढे बँका आणि पेन्शन यांनी दोन-तीन पिढ्यांना दाखवून दिलं की चाकरीत घर उभं राहतं. कोकणात तर 'चाकरमानी' हे मानाचं बिरुद झालं. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर गाव चालायचं, मग मुलाला दुकान टाक असं कोण सांगणार?

उलट इचलकरंजी पाहा. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला. शेजाऱ्याच्या घरात माग खडखडताना ऐकू आला, तो चालतो हे दिसलं, मग दुसऱ्याने घेतला, तिसऱ्याने घेतला. आज ते मागांचं शहर आहे. तिथल्या माणसांचं रक्त काही वेगळं नव्हतं.

घरच्यांचा विरोध खरंच इतका महत्त्वाचा असतो का?

संशोधन म्हणतं, फारसा नाही. १८५ अभ्यास एकत्र करून २००१ साली केलेल्या पाहणीत आयझेनच्या तीन प्रश्नांपैकी 'माझी माणसं काय म्हणतील' हा सर्वांत कमकुवत निघाला.

मला हे आपल्याकडे तसंच लागू पडेल असं वाटत नाही. बहुतेक प्रश्नावल्यांत विचारलेलं असतं, की तुमच्या जवळच्या माणसांना तुमचा निर्णय पसंत पडेल का. आपल्याकडचा प्रश्न पसंतीचा नसतोच. जामीनदार कोण राहणार? घराचे कागद कुणाच्या नावावर आहेत? बायकोच्या पाटल्या सोनाराकडे न्यायच्या का? पहिले सहा महिने धाकट्याची फी कोण भरणार? आपल्याकडे घरच्यांचा होकार म्हणजे भांडवल असतं, आणि नकार म्हणजे भांडवलाचा नकार. त्यामुळे तो दुसऱ्या प्रश्नात न दिसता तिसऱ्यात, 'मला जमेल का' मध्ये जाऊन बसतो.

एका मुलाचं सांगतो. हार्डवेअरचं दुकान टाकायचं होतं, पीव्हीसी पाइप, फिटिंग, नळ. वडील जिल्हा परिषदेत. दोन वर्षं घरात धुसफूस. शेवटी वडील म्हणाले, "दोन दिवाळ्या बघतो. तिसऱ्या दिवाळीला जमलं नाही तर परीक्षेचा फॉर्म भरायचा, कुरकुर करायची नाही." मुलगा माझ्याकडे रडवेला होऊन आला, वडील पाठीशी नाहीत म्हणून. मी त्याला म्हटलं, अरे, याहून चांगला होकार मिळत नाही. मुदत आहे, अट आहे, आणि दोन दिवाळ्या जेवण आहे. 'तुला काय करायचं ते कर' असं म्हणणारं घर जास्त अवघड. तिथे कधी थांबायचं ते कुणालाच माहीत नसतं.

धंदा केला तर लग्न जमेल का?

हसू नका. पंचविशीतल्या मुलांचा हा पहिल्या तीन प्रश्नांतला प्रश्न आहे. मुलीकडच्यांना 'कायम नोकरी' हवी असते, पगाराची स्लिप दिसते, धंद्याची दिसत नाही. मी दोन-तीन मुलं पाहिली आहेत जी बायोडेटात कंपनीची नोकरी लिहितात आणि प्रत्यक्षात स्वतःचं वर्कशॉप चालवतात. यावर तोडगा मानसशास्त्रात नाही. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं नीट भरलेली असली तर मुलीचा बाप ती वाचतो, एवढं मी पाहिलं आहे. बँकही वाचते.

नोकरी गेली, अडचण आली, तेव्हाच लोक धंद्याकडे वळतात का?

पुष्कळदा. शपेरो आणि सोकोल यांचा धक्का तो हाच.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालू होतं, त्याला पुढे कारखान्याची जोड मिळाली. मग बेळगावच्या जागेवरून उठायची वेळ आली, तेव्हा औंधच्या राजांनी माळरानावर जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. दोन्ही वळणांवर आधी धक्का आहे. पण त्यांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. धक्क्याने माणूस रस्त्यावर येतो. पुढची दोन वर्षं त्याला धक्का पुरत नाही.

दुसरा धक्का गिरणगावातला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या गिरण्या त्यांच्यासाठी पुन्हा उघडल्याच नाहीत. कुणी भाजी विकायला बसलं, कुणी वडापावची गाडी लावली. त्याला 'उद्योजकतेची लाट' म्हणणं मला जड जातं. ती नाइलाजाची लाट होती. पण त्यातही एक गोष्ट दिसते. गिरणगावात बायका आधीपासून खाणावळी चालवत होत्या, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात त्यांना एकत्र आणलं होतं. ज्या घरात आधीच कुणी डबे मोजत होतं, त्या घराला गाडी लावणं परकं वाटलं नसणार.

लाज वाटते. शिक्षण घेऊन गाडी कशी लावायची?

इंजिनिअर मुलगा, चाट मसाल्याची चांगली कल्पना, सगळं पाठ. जागा कोणती, विचारलं. त्याच्या घरापासून अकरा किलोमीटरवरची सांगितली. जवळ चांगला चौक असताना? खाली बघत म्हणाला, "तिथे शाळेतले सर फिरायला येतात."

ही लाज खोटी नाही आणि ती काढून टाका असं सांगून जातही नाही. मी त्याला एवढंच विचारलं, की अकरा किलोमीटरचं पेट्रोल आणि रोजचा दीड तास, ही त्या सरांची फी महिन्याला किती होते. त्याने हिशेब केला. मग जवळच्या चौकात गाडी लावली की नाही ते मला माहीत नाही, तो परत आला नाही.

मला जोखीम झेपत नाही. मग मी धंद्याच्या कामाचा नाही का?

जोखमीचं वेड असलेला माणूस धंद्यात चांगला, हा समज डेव्हिड मॅक्लेलंड यांनी साठ वर्षांपूर्वीच खोडून काढला. त्यांचा एक साधा खेळ होता : खुंटीवर कड्या फेकायच्या, कितीही अंतरावरून. काही करून दाखवायची ओढ असलेली माणसं अगदी जवळ उभी राहत नव्हती आणि फार लांबही नाही. जमेल पण सहज जमणार नाही, अशा मधल्या अंतरावर उभी राहत होती. फार लांबून फेकतो तो जुगारी.

भीतीचंही तसंच. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली दाखवलं की माणसाला तोटा नफ्यापेक्षा जास्त टोचतो. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण दुपटीचं निघालं. म्हणजे हजार हरवल्याची चुटपुट भरून यायला दोन हजार मिळावे लागतात. भीती वाटते म्हणजे तुमच्यात काही कमी आहे असं नाही, सगळ्यांचं मन असंच तोलतं.

उपयोगी पडतो तो सरस सरस्वती यांचा विचार. अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात यावर त्यांनी २००१ साली मांडणी केली. ही माणसं 'किती कमावीन' यापासून सुरुवात करत नाहीत, 'किती गेलं तर चालेल' यापासून करतात. अंथरूण पाहून पाय पसरणं, पण पाय पसरायचे हे नक्की.

माझं अंथरूण मी चुकीचं मोजलं होतं. मशीनला किती, शेडचं डिपॉझिट किती, सगळं धरलं. पहिलं मोठं बिल वेळेवर येईल हेही धरलं. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. माझं बिल १४० दिवसांनी आलं, तेही तीन तुकड्यांत. त्या पार्टीचं नाव सोडा, तशा अनेक आहेत. त्या चार महिन्यांत मला जोखीम झेपते का, हा प्रश्न नव्हताच. खेळतं भांडवल नव्हतं, एवढंच.

आत्मविश्वास जास्त असणं चांगलं की वाईट?

दोन गोष्टींची गल्लत होते. 'हे काम मला जमेल' हा विश्वास वेगळा आणि 'माझं काही वाईट होणारच नाही' हा वेगळा.

पहिल्यावर अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली लिहिलं. हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः छोटं काही करून यश पाहिलं की येतो, आणि तो सर्वांत पक्का. आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहिलं की येतो. ज्याच्या शब्दाला आपण मान देतो त्याने 'तू करशील' म्हटलं की थोडा येतो. आणि शरीरावरून येतो : पोटात गोळा आला तर मन म्हणतं, झेपत नाही वाटतं. भाषणं देणारे फक्त तिसऱ्या वाटेवर काम करतात, म्हणून त्यांचा विश्वास घरी पोचेपर्यंत उतरतो. दुसऱ्या वाटेतही 'आपल्यासारखा' हा शब्द महत्त्वाचा. अब्जाधीशाची गोष्ट ऐकून टाळ्या येतात. आपल्याच तालुक्यातल्या, आपल्याएवढ्याच शिकलेल्या माणसाचं पिठाचं मशीन पाहून आपण त्याची किंमत विचारतो.

दुसऱ्या प्रकाराचा आकडा गमतीचा आहे. अमेरिकेतल्या २,९९४ नव्या धंदेवाल्यांना १९८८ सालच्या एका अभ्यासात विचारलं, तुमचा धंदा टिकण्याची शक्यता दहापैकी किती? ८१ टक्के म्हणाले सात किंवा जास्त. ३३ टक्के म्हणाले दहापैकी दहा. आणि तुमच्यासारखाच दुसऱ्या कुणाचा धंदा असेल तर? तिथे सात किंवा जास्त म्हणणारे ३९ टक्केच उरले. आपला बाळ्या तेवढा वेगळा.

बायकांच्या बाबतीत वेगळं काय असतं?

पुष्कळ काही, पण मी एकाच गोष्टीवर थांबतो, कारण ती मी समोर बसून पाहिली.

चिंचवडच्या एक ताई दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घ्यायच्या. मागच्या वर्षी दीडशे किलो चकली गेली. मी विचारलं, धंदा किती वर्षं करताय? त्या एकदम म्हणाल्या, "छे, धंदा कुठला, घरच्या घरी थोडं करते." मग आम्ही वहीवर हिशेब मांडला. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, रिक्षा. सगळं धरून किलोमागे बरे पैसे उरत होते. मी म्हटलं, आता तुमची मजुरी धरा. त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या हाताची मजुरी धरायची असते होय?"

धरल्यावर उरत होते किलोमागे नऊ रुपये.

ज्या कामाला आपण धंदा म्हणतच नाही त्याचा भाव वाढवता येत नाही, त्यासाठी कर्ज मागता येत नाही आणि त्यासाठी घरातल्या कुणाला 'आज तुम्ही भात लावा' असं सांगताही येत नाही. दीडशे किलो चकली तळणाऱ्या बाईला क्षमता नाही असं कोण म्हणेल? अडलेलं होतं ते नावापाशी.

सोबतीचा परिणामही मोठा आहे. अहमदाबादेत 'सेवा' बँकेच्या ग्राहक बायकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. काहींना एकटीने बोलावलं, काहींना मैत्रीण घेऊन या म्हटलं. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी पुढे धंद्यासाठी जास्त कर्ज घेतलं, घरचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं. आणि ज्या समाजात बायकांवर बंधनं जास्त, तिथे हा फरक अधिक ठळक होता. २०१६ सालचा हा अभ्यास वाचल्यापासून मी वर्गाच्या निरोपात 'सोबत कुणाला तरी आणा' असं लिहितो. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ती 'लिज्जत' याच न्यायाने उभी राहिली. एकटीला गच्चीवर पापड वाळत घालताना चार खिडक्या बघतात. सात जणी असल्या की त्या खिडक्यांतून आठवी खाली येते.

म्हसवडच्या बायकांचंही सांगायला हवं. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तो सभासद निरक्षर आहेत म्हणून फेटाळला गेला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली.

जात, आडनाव, ओळखी यांचा इच्छेशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि वर्गात यावर कुणी बोलत नाही. घाऊक व्यापारी उधारीवर माल देतो तो ओळखीवर. गाळा भाड्याने मिळतो तो आडनाव ऐकून, किंवा आडनाव ऐकून मिळत नाही. खाद्यपदार्थ विकताना तर आणखीच. या माणसाला 'तुझी मानसिकता बदल' म्हणून सांगणं हा उद्धटपणा आहे. त्याचा अंदाज बरोबर आहे, त्याला खरंच जास्त जड जाणार असतं.

मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री सुरू केली, त्यामागे हीच गरज होती. ज्यांच्या घरात आधी कुणी धंदा केला नाही त्यांना पुरवठादार, गिऱ्हाईक आणि 'आपल्यासारखा कुणी' एका छताखाली मिळावा. कच्छी मुलाला जे गल्ल्याशेजारी फुकट मिळालं, ते इथे मुद्दाम उभारावं लागतं.

उद्योजकतेचा कोर्स केला की इच्छा वाढते का?

कधी कमीही होते. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांना वर्षभर छोटी कंपनी चालवायला लावली. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा मुलांची धंदा करायची इच्छा आधीपेक्षा घटलेली होती. मला यात वाईट काही दिसत नाही. ज्यांना स्वप्न होतं त्यांना काम दिसलं.

कशा प्रकारचं प्रशिक्षण, याने मात्र फरक पडतो. आफ्रिकेत टोगोच्या लोमे शहरात १,५०० छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला. काहींना नेहमीचं हिशेब, विक्री, व्यवस्थापन शिकवलं. काहींना पुढाकार कसा घ्यायचा, अडथळा आला तर काय करायचं, संधी कशी हुडकायची याचा सराव दिला. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाचा ११ टक्के, पण तो योगायोगही असू शकेल इतका डळमळीत. हा निष्कर्ष २०१७ सालचा.

आपल्याकडे याची सुरुवात जुनी आहे. मॅक्लेलंड यांनी साठच्या दशकात हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेबरोबर काकीनाडाच्या व्यापाऱ्यांना असंच प्रशिक्षण दिलं होतं. महाराष्ट्रात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र वर्ग घेतं. जा जरूर. फक्त प्रमाणपत्र फ्रेम करून थांबू नका.

माझं वय बेचाळीस. उशीर झाला का?

नाही. अमेरिकेतल्या, निदान एक माणूस कामाला ठेवणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय २०२० सालच्या अभ्यासात सुमारे ४२ निघालं, आणि सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या हजारातल्या एका कंपनीसाठी ४५.

नोकरी सांभाळून सुरुवात करणं म्हणजे अर्धवटपणा नाही का?

'उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही' असं सांगणारे बहुधा काठावर उभे असतात. अमेरिकेतल्या माहितीवर आधारलेल्या २०१४ सालच्या अभ्यासात, नोकरी सांभाळत सुरुवात करून मग पूर्णवेळ आलेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी दिसला. आधी नेमणूकपत्रातल्या अटी वाचा, एवढं मात्र करा.

सगळं ठरलंय, पण सुरुवातच होत नाही. का?

नाव ठरलेलं असतं, लोगो काढलेला असतो, व्हिजिटिंग कार्डं छापलेली असतात, लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी झालेली असते. या सगळ्याने काम चालू असल्याचं समाधान मिळतं आणि नकार मिळण्याची शक्यता शून्य असते. कार्ड छापणारा कधी 'नको' म्हणत नाही. गिऱ्हाईक म्हणतं.

पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेली युक्ती इथे चालते. 'मी या महिन्यात सुरू करणार' असं ठरवायचं नाही. 'बुधवारी साडेपाचला शिफ्ट सुटली की थेट अमक्या दुकानात जाऊन नमुना दाखवणार, मालक नसला तर शनिवारी अकराला' असं ठरवायचं. वेळ, जागा आणि अडलं तर काय, तिन्ही. किरकोळ वाटतं, पण माझ्या वर्गात यानेच सर्वांत जास्त लोक हलले.

सरकारी अनुदान मिळणार असेल तर धंदा करावा का?

अनुदानासाठी धंदा करणारे अनुदान मिळेपर्यंत धंदा करतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, गट आणि ठिकाण पाहून १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. पण ते हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात. हे ऐकल्यावर वर्गातल्या काही चेहऱ्यांवरची इच्छा उतरलेली स्पष्ट दिसते. बाकीच्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात जावं.

बुडालो तर लोक काय म्हणतील?

म्हणतील. दोन-तीन लग्नांत म्हणतील, मग दुसरा कुणीतरी सापडेल. कर्जाचा हप्ता चुकलेला मात्र सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, वर्षानुवर्षं दिसत राहतो, त्यामुळे बंद करायची वेळ आली तर आधी बँकेशी बोला, नातेवाइकांशी नंतर.

माझं पहिलं वर्कशॉप तीन वर्षं चाललं. शेड सोडली, लेथ विकलं, दीड वर्ष पुन्हा नोकरी केली. त्या दीड वर्षात आईने कुणाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा पहिलं काम ज्याने दिलं, तो माझं लेथ विकत घेणारा माणूस. त्याच्याकडे काम जास्त झालं होतं. लेथ अजून त्याच्याकडेच आहे, काम पकडून ठेवणारा चक थोडा हलतो.